थाळीच्या आवाजाखाली

मी हे लिहू नये असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. तरी लिहितेय.

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्यांना नुसती करमणूक हवी असेल त्यांनी पुढे वाचू नये, कारण हे वाचून मजा येणार नाही.

गावाचं नाव देत नाही. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिकडचं गाव. पितृपंधरवडा चालू होता. दिवेलागणीची वेळ. गाद्या भरणाऱ्या नासीरचाचांच्या घरात त्यांची सून तबस्सुम बाळंत होत होती आणि तिच्याजवळ वच्छलाअक्का बसली होती.

वच्छलाअक्का म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. गावची सुईण. त्या गावात हिंदू-मुसलमान कुठलंही घर घ्या, घरातलं कोणी ना कोणी अक्काच्या हातावर जन्मलेलं. तबस्सुमचा नवरा अरशदसुद्धा.

त्या दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, सांगून गेली होती की पहिलटकरीण आहे, मूल आडवंतिडवं वाटतंय, दवाखान्यात न्या. घरच्यांनी अक्काला विचारलं. अक्कानं पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "आजून येळ शे."

अजून वेळ आहे, एवढंच वाक्य. ते चुकलं.

संध्याकाळी आधी पाय आले. डोकं अडकलं. अक्कानं आयुष्यभराचं कसब लावून मूल मोकळं केलं, पण ते निळं होतं. हालचाल नाही. श्वास नाही.

आमच्याकडे मूल रडलं नाही की त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. दचकून रडतं, म्हणतात. अक्काची स्वतःची थाळी होती, प्रत्येक बाळंतपणाला ती सोबत न्यायची. तिनं पळी घेतली आणि थाळी वाजवली. जोरात. पुन्हा जोरात. पार गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जात होता.

बाहेर ओट्यावर नासीरचाचा हातपाय-तोंड धुऊन, वजू करून उभे होते. मूल रडलं की आत जायचं आणि नातवंडाच्या कानात अजान द्यायची, म्हणून.

आतून नुसती थाळी ऐकू येत होती...

तेवढ्यात तबस्सुमला रक्तस्राव सुरू झाला. अक्कानं मूल कपड्यात गुंडाळून बाजूच्या सुपात ठेवलं, थाळी सासूच्या, म्हणजे मेहरुनच्या हातात दिली आणि ती तबस्सुमकडे वळली. मेहरुन घाबरून थाळी वाजवतच राहिली. कोणी थांब म्हटलं नाही.

तबस्सुम वाचली. गाडी करून तिला धुळ्याला नेलं. गाडी निघून गेली, थाळी थांबली, मग अक्कानं सूप जवळ ओढलं.

ते गार पडलं होतं. मुलगा होता.

"रडनं नही," रडलं नाही, एवढंच अक्कानं नासीरचाचांना सांगितलं. चाचा अजान न देताच घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला पुरलं. पुढे दवाखान्यातून पोलिसांकडे कळवलं गेलं, अरशदनं रागाच्या भरात जबाब दिला आणि अक्कावर गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी थाळीसुद्धा जप्त केली. पुरलेलं मूल पुन्हा बाहेर काढलं, पण तोवर डॉक्टरांनाही ठाम काही सांगता येईना.

केस धुळ्याला उभी राहिली. वकील प्रेमराज आमच्या ओळखीचे. त्यांनी सरळ समजावलं. मूल मेलेलंच जन्मलं असेल तर मृत्यूचा गुन्हा राहत नाही. ते रडलं असेल, तर ते जिवंत होतं आणि तुम्ही ते बाजूला टाकलंत. सगळी केस एवढ्यावर आहे, अक्का. तुम्ही फक्त म्हणायचं, रडलं नाही.

अक्का म्हणाली, खरंच नाही रडलं. माझ्या कानानं मी काही ऐकलं नाही.

आणि तिचं ते खरंच होतं.

पण त्यानंतर जे सुरू झालं, ते मी स्वतः पाहिलंय.

तारखेला अक्का आमच्याकडे धुळ्याला उतरायची. माझा तेजस तेव्हा पाळण्यातला. भयंकर रडका. शेजारीपाजारी वैतागलेले. अक्का पहिल्यांदा घरात आली तेव्हा तो असाच गळा काढून रडत होता.

तिनं उंबऱ्यातून पाऊल आत टाकलं...

तेजस गप्प.

मला बरं वाटलं. म्हटलं, सुईणीचा पायगुण. अक्काचा चेहरा मात्र उतरला. ती हळूच म्हणाली की गावातही असंच होतंय. ती गल्लीतून गेली की घराघरातली लेकरं रडायची थांबतात. एसटीत बसली की मांडीवरची पोरं चूप होतात. त्या दिवसापासून तिच्या कानावर एकाही बाळाचं रडणं पडलेलं नव्हतं.

मी तेजसकडे पाहिलं. तो अक्काच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिच्या दुमडलेल्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होता. मूल घेतल्यावर त्याचं डोकं जिथं येतं, तिथं.

हात रिकामा होता...

दुपारी मी भांडी घासत होते. अक्का बाहेरच्या खोलीत पडलेली. तिनं विचारलं, थाळी कोण वाजवतंय?

मी नळ बंद केला. कुठेच काही नाही. आमच्या घरात काशाचं भांडंच नाही, आणि तिची थाळी पोलिसांच्या ताब्यात. तिला तसं सांगितलं तर तिनं मान हलवली. म्हणाली, रोज दुपारी वाजते. आधी थाळी. मग तिच्याखाली आणखी काहीतरी असतं, पण थाळीमुळे ते ऐकू येत नाही.

"काय असतं?" मी विचारलं.

ती उठून बसली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. मला तिचा फार कळवळा आला आणि खरं सांगायचं तर तेवढीच भीतीही वाटली.

साक्षी सुरू झाल्या. मेहरुननं सांगितलं की थाळी वाजत होती, दुसरं काही ऐकलं नाही. तबस्सुम मात्र उभी राहून म्हणाली, माझं पोर रडलं. वकिलांनी तिला नीट विचारलं, किती रक्त गेलं होतं, शुद्ध होती का, दवाखान्यात कधी नेलं ते आठवतं का. तिला आठवेना. ती तिथेच रडायला लागली आणि आमचे वकील समाधानानं खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीत ती आमच्याजवळ आली. अरशद लांबून बघत होता. मला वाटलं आता ही शिव्या देणार. पण ती अक्काच्या पायाशी बसली.

"अक्का, तुनी थाळी वाजी राहिंती, तरी मी आयकं. तुले सजा व्हवाले पाहिजे, आसं मनं म्हननं नही. तू फक्त सांग, ते रडनं."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या घरात रीत अशी की मूल एकदा जरी रडलं तरी ते माणूस. त्याला नाव ठेवायचं, न्हाऊ घालायचं, कफन, जनाज्याची नमाज, सगळं. आणि रडलंच नाही तर कपड्यात गुंडाळून मातीत द्यायचं. तिच्या लेकराला तसंच दिलं होतं. अक्काच्या एका शब्दावर.

"त्याले नाव बी नही," तबस्सुम म्हणाली.

अक्काला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं मुसलमानांच्या घरात बाळंतपणं केली, पण मेलेल्या मुलाचं पुढे काय करतात हे बघायला ती कधी थांबली नव्हती. त्या रात्री ती जेवली नाही.

शेवटी तो दिवस आला. साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. आदल्या दिवशी वकिलांनी अक्काकडून घोकून घेतलं होतं. रडलं नाही, एवढंच. मग घरी जायचं.

दुपारची वेळ. मी मागच्या बाकावर, मांडीवर तेजस. पलीकडे तबस्सुम. कारकुनाच्या टेबलावर जप्तीचं सामान, लाखेचं सील लावलेलं कापडी गाठोडं. त्यात ती थाळी. बाहेर व्हरांड्यात कुठल्यातरी बाईचं तान्हं मूल केव्हाचं रडत होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, जन्मल्यावर मूल रडलं होतं का?

व्हरांड्यातलं मूल गप्प झालं...

तेजसनं मान वर केली आणि अक्काच्या हाताकडे बघायला लागला.

मग मी ऐकलं. बारीक घुमणारा आवाज. काशाचा. थाळी वाजवून झाल्यावर ती मागे घुमत राहते ना, तसा. कारकुनानं गाठोड्याकडे पाहिलं आणि हलणारी वस्तू धरावी तसा सहज त्यावर हात ठेवला.

घुमणं थांबलं.

आणि त्याच्याखालचं ऐकू आलं...

फार बारीक. धाप लागल्यासारखं. थांबून थांबून. कोणाला बोलावतंय असंही नाही, नुसतं रडणं.

मी आई आहे. ते काय होतं हे मला कोणी सांगायला नको.

तबस्सुम उठून उभी राहिली होती. तिच्या कुडत्याचा पुढचा भाग ओला होत होता. दोन वर्षं झाली होती. तिला त्यानंतर मूल नव्हतं. आणि तिला दूध आलं होतं. तिनं ओढणी छातीशी घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली.

अक्काचे डोळे मिटलेले. वकील खुणा करत होते. तिनं डावा हात उचलून छातीशी घेतला, मूल घेतात तसा.

"रडनं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "मनी थाळीना आवाजमा माले आयकू उनं नही."

आवाज थांबला. व्हरांड्यातलं मूल पुन्हा रडायला लागलं.

अक्काला शिक्षा झाली. अपील करू नका, असं तिनं स्वतः सांगितलं. मी नंतर त्या कारकुनाला गाठून विचारलं, तुम्ही गाठोड्यावर हात का ठेवला? तो म्हणाला, मी कशाला ठेवू? आणि निघून गेला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नासीरचाचा आणि अरशद कबरस्तानात गेले. त्याला नाव दिलं, अतिक. पण जनाज्याची नमाज झाली नाही. मौलानांनी सांगितलं, फार उशीर झाला, आता नमाज होत नाही, नुसती दुआ करा. त्यांनी दुआ केली. चाचा कबरीवर वाकून बराच वेळ काहीतरी म्हणत होते. अजान असावी, असं अरशदला वाटलं. त्यानं विचारलं नाही.

मी तुरुंगात अक्काला भेटायला जाते. तिच्या बराकीत एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आहे. अक्का आत गेली त्या दिवशी ती मुलगी तिला बघून मोठ्यानं रडली. अक्का भिंतीला टेकून बसली आणि तीही रडली. तिथल्या बायकांना वाटलं, शिक्षेचं दुःख. आता तिला थाळी ऐकू येत नाही. आता सगळी लेकरं तिच्यासमोर रडतात.

पण दर भेटीला ती जाळीपलीकडून एकच विचारते, किती वेळ रडलं असेल ते.

"ज्योती, किती येळ रडनं व्हई व ते?"

ते सुपात होतं. सगळी माणसं हाताच्या अंतरावर होती. आजोबा दाराबाहेर याच आवाजाची वाट बघत उभे होते. आणि थाळी वाजतच होती...

मी तिला खाऊ देऊन परत येते.

तेजस रडला की मी हातातलं काम टाकून धावते. हातात भांडं असेल तर आधी ते हळूच खाली ठेवते, आवाज होऊ देत नाही. मिस्टर हसतात. हसू देत.

परवा दुपारी अशीच धावत गेले. बारीक रडणं येत होतं, धाप लागल्यासारखं, थांबून थांबून.

तेजस गाढ झोपला होता...

आमच्या घरात दुसरं मूल नाही. शेजारीही नाही. आवाज खोलीतच होता, जमिनीलगत, कोपऱ्यात मी गहू निवडून ठेवलेल्या सुपाच्या बाजूनं.

पळून जावं असं वाटलं. पण मी गेले नाही. सुपाशेजारी जमिनीवर बसले आणि आवाज थांबेपर्यंत बसून राहिले.

या वेळी तरी त्याच्याजवळ कोणीतरी असावं, एवढंच माझ्या मनात होतं.