दुसरा रकाना

"यंदाही एकटीलाच बसवलं. शिकत नाहीत ही माणसं," काचेच्या ताटल्या विसळता विसळता प्रयोगशाळेतल्या सफाईच्या मावशी नळापाशी पुटपुटल्या. धाकटीने ऐकलं. पण "काय म्हणालात?" असं विचारलं की मावशी नळ मोठा सोडायच्या.

घरातलं शेंडेफळ म्हणून ती धाकटी. परदेशात शिकायला आली, आणि कॉलेजने कामाच्या अनुभवासाठी तिला या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत धाडलं. काचेच्या ताटलीत ओल्या कागदावर शंभर बिया मांडलेल्या. त्यातल्या किती उगवल्या ते चिमट्याने मोजायचं आणि वहीत लिहायचं. प्रत्येक ताटली दोघींनी वेगवेगळी मोजायची, हा तिथला नियम. पहिला रकाना एकीचा, दुसरा दुसरीचा.

"तिकडे जाऊन बिया मोजतेस?" आई फोनवर हसली होती. "इथे तांदूळ निवड म्हटलं की तुझं डोकं दुखायचं!"

डोकं आता खरंच दुखत होतं. ठरलेले तास भरून शुक्रवारी प्रयोगशाळेच्या मॅडमची सही मिळाली नाही, तर अख्खं वर्ष पाण्यात. सोमवारी संध्याकाळी हजेरीच्या पत्रकावर सोळा तास उरले होते. मंगळवारी ती मान मोडून राबली. उरले सोळा. बुधवारीही सोळाच.

"कॉम्प्युटरचा घोळ असेल. बघते," मॅडम म्हणाल्या. जोडीदारीण कधी देणार, याचंही गेले तीन आठवडे उत्तर तेच.

आणि जोडीदारीण नसताना दुसरा रकाना मात्र रोज भरलेला. आपण घरी गेल्यावर कोणी येऊन मोजत असेल, अशी धाकटीने स्वतःची समजूत घातली होती.

गुरुवारी दुपारी तिने मुद्दाम पंचाऐंशीच्या जागी एकोणनव्वद लिहिलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. खोलीला दार एकच. आत कोणी गेलं नाही, बाहेर कोणी आलं नाही.

पाच मिनिटांनी ती परतली. दुसऱ्या रकान्यात पंचाऐंशी. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. शाई बोटाला लागली.

समोरच्या रिकाम्या स्टुलाची दबलेली गादी हळूहळू वर येत होती.

शुक्रवारी तिने पत्रक मॅडमच्या टेबलावर आपटलं.

"सोळा तास कमी आहेत," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"रोज आठ-आठ तास घासतेय मी! जातात कुठे माझे तास?"

"पुढच्या आठवड्यात बघू."

"मला पुढचा आठवडाच नाहीये, मॅडम!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.



मोजणीच्या खोलीतून चिमट्याचा बारीक आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

धाकटीचा चिमटा तिच्या हातात होता.

मावशी ओले हात कपड्यांना पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांनीही ऐकला होता, मॅडमनीही.

"आता तरी सांगा हिला," मावशी म्हणाल्या. "मागच्या साली त्या पोरीचेही सोळाच उरले होते. जोडीला कोणी नाही म्हणून तुम्ही सही अडवलीत. ती गेलीच नाही, मॅडम. अजून तेच सोळा तास भरतेय."