आधी हूं म्हण

पोरगा वाईट नव्हता, पण विचारलेल्याचं उत्तर त्याच्या तोंडून वेळेवर यायचं नाही, आणि वनमालाबाईंना नेमकं तेच खपत नव्हतं. "चहा घेणार?" म्हटलं की देवेश छताकडे बघायचा. चहा उतू जायची वेळ आली तरी साहेबांचा विचार चालूच!

पहिल्या दिवशीही तेच. बोरीवलीला नॅशनल पार्कच्या कुंपणालगत बाईंची सोसायटी. खिडकीच्या ग्रिलवरचं माकड हाकलून त्यांनी कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडलं, तर बाहेर एक उंच मुलगा, हातात फोनचा खोका.

"कोण रे तू? कधीपासून उभा आहेस?"

"वीस मिनिटं... बेल दाबली होती."

"ती गेल्या गणपतीपासून बंद आहे! दार ठोकायचं होतंस."

"मला वाटलं — येतंय कोणीतरी."

आतून त्यांची लेक श्रुतिका हसत सुटली. दोघं अंधेरीच्या एकाच कंपनीत, फोनवर इंटरनेट बघायचा ब्राउझर बनवायच्या कामाला. तो दिसावा कसा हे तिच्याकडे, पटपट चालावा कसा हे त्याच्याकडे. ती घरूनच काम करायची. त्यामुळे तीन महिने चॅटवर नुसती भांडणं झाली होती, तोंडं मात्र आज बघितली.

"मला वाटलेलं तू पन्नाशीचा असशील," ती म्हणाली. "एवढ्या सावकाश उत्तरं देतोस!"

त्याने विचार केला. "एकतीस."

"काय एकतीस?"

"वय."

श्रुतिका पुन्हा हसली, आणि या वेळी हसून झाल्यावरही त्याच्याकडे बघत राहिली. बाईंनी ते टिपलं.

नवा ब्राउझर घातलेला तो फोन आधी बाईंच्याच हातात पडला. शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर लावून लावून वाचणार, पण हे कोणापुढे कबूल करतील तर त्या वनमालाबाई कसल्या! गावच्या जत्रेची तारीख बघायला त्यांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. ढिम्म. तिसऱ्यांदा दाबलं, तर एकदम तीन पानं पुढे उडी.

"हा पण तुझाच भाऊ!" त्या देवेशवर उखडल्या. "हाक ऐकली की नाही, कळायला नको? आमच्या गावात म्हातारी गोष्ट सांगायला बसली की कोणीतरी हूं म्हणायलाच लागायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली. काम सावकाश कर बाबा, पण आधी हूं तरी म्हण!"

देवेश आणि श्रुतिकाने एकमेकांकडे बघितलं. "आई, थांब, थांब..." म्हणत श्रुतिका पेन शोधायला लागली.

मग देवेश दर शनिवारी यायला लागला. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी.

"या बटणाखालच्या सावल्या काढ. छान आहेत, पण फोन दमतो."

"तुझ्या वेगाला रूप नको वाटतं?"

"हवं ना. पण एवढंही नको, की माणूस बघतच राहील... आणि काम विसरेल."

"बटणाबद्दल बोलतोयस ना?"

देवेश छताकडे बघायला लागला. कान मात्र लाल. स्वयंपाकघरात सोलकढीसाठी खोबरं पिळताना बाईंचा हात थांबला.

पावसाळा सरता सरता बटण बोलायला लागलं. बोट टेकलं की ते किंचित आत जायचं आणि वर कोकमाच्या रंगाची एक रेघ सरसर धावायची. पान येईल तेव्हा येवो! बाईंनी दाबून बघितलं. "हां. आता बोललं बघ!"

तेवढ्यात श्रुतिकाला बंगळूरूहून मोठ्या कामाचं बोलावणं आलं. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मंगळवारी देवेश तिचा लॅपटॉप नीट करायला आला होता, तेव्हा तिने सरळ विचारलं, "देवेश... जाऊ मी?"

त्याने छताकडे बघितलं. मग पिशवी उचलली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. श्रुतिका आधी फोन हातात घेऊन बसायची, मग तिने तो पालथा घालून ठेवला.

"मी त्याला नकोय, हे तोंडावर सांगायला संकोच वाटला असेल," शनिवारी ती म्हणाली. "मी एकटी जाते, आई. आत्ताच कळवते."

बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. घर सुनं होणार ते वेगळंच, पण पोरीने दुखऱ्या मनाने जावं?

इतक्यात दार धडाधडा वाजलं. उघडतात तर देवेश, घामाने निथळलेला.

"मीही येतोय बंगळूरूला," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "आमचे साहेब गावाहून आज आले. त्यांच्या घरीच गेलो थेट. बंगळूरूहूनच काम कर म्हणाले. म्हणजे... श्रुतिका, तुला चालणार असेल तर. मला तुझ्याशिवाय... नाही जमायचं."

"आणि चार दिवस तोंडाला कुलूप?"

"पक्कं झाल्याशिवाय कसं सांगणार? अर्धवट काही तुझ्यापुढे ठेवायचं नव्हतं."

"अर्धवट चाललं असतं रे मला! चार दिवस कोऱ्या पानाकडे बघत बसले मी."

त्याची मान खाली गेली. "चुकलं. पण... चालेल ना?"

श्रुतिकाने छताकडे बघितलं. पंखा बघितला, कोपऱ्यातलं जाळं बघितलं. मग डोळे पुसत, हसू दाबत ती म्हणाली, "हूं."

बाई कमरेवर हात ठेवून देवेशपुढे उभ्या राहिल्या.

"झिला, नीट ऐक. जावई म्हणून तू मला पसंत आहेस. पण माझ्या पोरीने हाक मारली की उत्तर सापडेल तेव्हा सापडो, आधी हूं म्हणायचं. फोनला शिकवलंस, आता स्वतः शीक. आणि जायच्या आधी ती बेल दुरुस्त करून जा. दोघं परत याल, तेव्हा मला आत ऐकू यायला हवी."