टाचलेलं पान

सव्वीस दिवसांनी वादळ थांबलं, तेव्हा सोनगव्हाणची मळेकर कॉलनी पत्र्यापर्यंत बर्फात बुडालेली होती आणि बाराही घरांतली माणसं गाढ झोपलेली होती. जागा असा एकच माणूस होता, आणि तो मेला होता.

सोनगव्हाण निफाड तालुक्यातलं. तिथली थंडी पूर्वीपासून नावाजलेली, पण ती द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून भागवता येईल इतपत. पुढे उत्तर ध्रुवाभोवती गरगरणारं गार हवेचं कडं सैल पडलं. त्याचा एक लोंबता पदर दर पौषात थेट गोदाकाठापर्यंत उतरायला लागला, आणि महिनाभर ना वीज, ना रस्ता, ना पुरेसं जळण अशी गत झाली. सरकारने पहिली काही वर्षं ब्लँकेटं वाटली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अस्वलं आणि खारी ब्लँकेटाशिवायच हिवाळा काढतात. त्यातून पौषझोप निघाली. माणशी एक झोपपेटी, शिरेतून औषध, अंग बारा अंशांपर्यंत गार आणि मिनिटाला हृदयाचे चार ठोके. भूक नाही, जळणाची चिंता नाही. महिन्याभराने शेजाऱ्याने येऊन उठवायचं.

शेजाऱ्यानेच का, पेटीला गजर लावून का नाही, असं पहिल्याच वर्षी अण्णा मोगलांनी भर सभेत विचारलं होतं. अण्णा पाच नंबरच्या घरातले, कॉलनीचे अध्यक्ष, आणि प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना सभा झाल्यासारखी वाटत नसे. तालुक्याच्या झोपडॉक्टर हुमेरा तांबोळी यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मेंदूतल्या पेशी बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि आठवण म्हणजे त्या जोडण्या. थंडीत धागे आखडतात, खारींचेही आखडतात. जाग आल्यावर दोन दिवसांत ते पुन्हा वाढतात, पण आपोआप वाढतात ते ढोबळ तेवढेच, म्हणजे चालणं, बोलणं, स्वतःचं नाव. कोण कुणाचं, काय केव्हा घडलं, हे बारीक धागे कुणी हात धरून सांगितलं तरच पुरते जुळतात. ध्वनिफितीने भागत नाही, स्वतः वाचूनही भागत नाही, ओळखीचं माणूसच समोर बसावं लागतं. न सांगितलेली गोष्ट लगेच जात नाही, ती विरळ होते. दोन-तीन हिवाळे सांगितली नाही, की संपली.

"म्हणजे विरजण म्हणा की," अण्णा म्हणाले होते. "दूध आपलंच, पण चमचाभर शेजारचं लागतं."

डॉक्टर हसल्या, आणि पुढच्या वर्षीच्या सरकारी पत्रकात त्या दोन दिवसांना चक्क विरजणकाळ म्हटलेलं होतं.

हे काम घरच्यांना देत नाहीत. नवऱ्याने बायकोला उठवलं तर तो स्वतःच्या चुका वगळतो, आणि सासूने सुनेला उठवलं तर बघायलाच नको. म्हणून शेजारी, आणि शेजाऱ्याच्या हाती वही. झोपेआधी ज्याने त्याने आपली वही लिहायची, शेजाऱ्याने ती दोन दिवस वाचून दाखवायची. एखादी गोष्ट त्या शेजाऱ्याला कळू नये असं वाटलं, तर ते पान दुमडून टाचणी लावायची आणि वर दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं. टाचलेलं पान कुणी उघडत नसे. एवढी लाज कॉलनीत होती.

सहा नंबरच्या ओवी बोरस्तेला दर वर्षी अण्णा उठवत आणि ओवी सात नंबरच्या मिहिका कुशारेला. ओवी सेहेचाळीस वर्षांची, द्राक्षाची कलमं करून विकणारी, एकटी राहणारी बाई. नवरा सात वर्षांपूर्वी काही कारण न सांगता निघून गेला होता आणि तिने त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. मिहिकाच्या वहीत एक टाचलेलं पान असे, त्यावर अण्णांचं नाव. अण्णा ते वाचायला आले की ओवी चहा ठेवायला उठे. मिहिकाच्या माहेरचं काहीतरी असेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

दर वादळात एक जण मात्र जागा राहतो. त्याला जुन्या शब्दाने जागल्या म्हणतात. पेट्यांच्या हवेच्या नळ्यांवरचा बर्फ त्याने हटवत राहायचं आणि चुलीच्या उबेला विरजण जिवंत ठेवायचं, म्हणजे उठल्यावर घरोघर दही लावता येतं. यंदा जागल्या होता मिहिकाचा नवरा शर्विल. चोविसाव्या दिवशी अण्णांच्या पत्र्यावरून तो घसरला. तालुक्याचं पथक सोमवारी बर्फ उपसत आलं तेव्हा अण्णांची नळी स्वच्छ होती. शर्विलच्या स्वयंपाकघरात मफलरमध्ये गुंडाळलेल्या भांड्यात ताजं दही होतं.

पथकासोबत आलेल्या डॉक्टर हुमेरांनी अण्णांना उठवलं, अण्णांनी ओवीला, आणि शनिवारपर्यंत सगळी कॉलनी हातात फावडी घेऊन उभी राहिली. कुणी पत्रे ठोकले, कुणी कोसळलेले मांडव उचलले, चौकात मोठ्या पातेल्यात शेंगोळे शिजत होते. एकटी मिहिका पेटीत होती. अण्णांनीच डॉक्टरांना विनवून तिला थांबवून ठेवलं होतं, आणि पेटीची बॅटरी संध्याकाळपर्यंतच पुरणार होती.

कारण कॉलनीने ठरवलं होतं की शर्विलला वगळायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मिहिकाच्या पोटात दोन महिने अन्न ठरलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती जगायची नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ओवीने वहीतून त्याचं नाव गाळायचं, इतरांनी घरातून त्याच्या वस्तू काढायच्या. त्याला शाळेच्या गारठलेल्या खोलीत ठेवलं होतं, मिहिकाला न कळता त्याला अग्नी द्यायचा. ओवीने हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही तिची जीभ रेटली नव्हती, कारण तिचा मिहिकावर जीव होता.

दुपारी सगळे मिहिकाच्या घरात जमले. अण्णा पोतं धरून मधोमध उभे होते आणि हलक्या आवाजात सांगत होते. चपला घ्या, दाढीचं सामान घ्या. उशी राहू द्या, एकटं माणूसही दोन उशा घेतं. औषधांच्या डब्यावर नाव असतं. कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. ओवीला त्यांच्या बारकाव्याचं कौतुकच वाटलं.

"आणि चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा बघा," अण्णा म्हणाले. "त्या हमखास राहून जातात."

"अहो, इथे मूल नव्हतं," त्यांची बायको स्वराकाकू म्हणाली.

 सगळ्यांनी एकदम ओवीकडे पाहिलं आणि एकदमच नजर वळवली. ओवी वही काखेत धरून आपल्या घरी गेली.

तिच्या दाराच्या चौकटीला कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता, वर साधं लाकूड. खाली वाळवी लागली आहे म्हणून सात वर्षांपूर्वी अण्णांनी तो स्वतः लावून दिला होता. तिने चमच्याच्या दांड्याने रंग खरवडला. पेन्सिलीची एक आडवी रेघ दिसली, तिच्या खाली दुसरी, त्याखाली तिसरी. मग तिने मिहिकाच्या वहीतली टाचणी काढली.

"अण्णा, मला दर वर्षी हे सांगायचं," असं मिहिकाच्या अक्षरात लिहिलेलं होतं. "ओवीताईंना एक मुलगी होती, मनवा. सहाव्या वर्षी ती पौषझोपेतून उठली नाही. ताईंनी अन्न सोडलं, पुन्हा पुन्हा पेटीत शिरायला बघायच्या. म्हणून पुढच्या पौषात तुम्ही तिला वगळलं. पहिल्या वर्षी ताईंना अर्धवट आठवायचं, आपण सगळे म्हणालो की स्वप्न पडलं असेल. मीही म्हणाले. तिच्या बाबांना गप्प राहणं जमेना, म्हणून तुम्ही त्यांना जायला लावलं. मला मनवाला विसरायचं नाही. ती माझ्याकडे पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायला यायची. ताईंसमोर मी बोलणार नाही, पण ती कुणाच्या तरी लक्षात राहायला हवी."

ओवीने पान चार वेळा वाचलं आणि रडू यायची वाट पाहिली. ते आलं नाही. लांबच्या गावची बातमी वाचावी तसं वाटत होतं. नवऱ्याची आठवण मात्र झोंबली. त्या भल्या माणसाला तिने सात वर्षं फुकट शिव्या दिल्या होत्या.

डॉक्टर हुमेरा चौकात जनरेटरपाशी वाटीतले शेंगोळे खात होत्या. ओवीने त्यांना पान दाखवलं. वाचून त्यांनी वाटी खाली ठेवली. सगळं सांगायचं असा कायदा आहे, त्या म्हणाल्या, पण तपासणार कसं? वगळलेली गोष्ट उरतच नाही, तर तक्रार कोण करणार?

"ती मला परत आठवेल का?"

"आता नाही, ताई. तुमचा विरजणकाळ संपला. आता कळेल ती नुसती माहिती."

"पुढच्या पौषात?"

"तेव्हा कुणी सांगितलं तर लागेल. पण तुमचे जुने धागे राहिलेले नाहीत. लागेल ती सांगणाऱ्याला आठवते ती मनवा."

"आणि दुःख?"

"ते तर नक्की येईल," डॉक्टर म्हणाल्या.

ओवी परत सात नंबरमध्ये गेली. अण्णा अजून पोतं धरून उभे होते, बाकीचे भिंतीला टेकले होते. तिच्या हातातलं उघडं पान पाहून अण्णांनी पोतं खाली ठेवलं.

"तू मेली असतीस, ओवी. रोज थोडी थोडी मरताना बघत होतो आम्ही. मला दुसरं काही सुचलं नाही."

ते खरं होतं, हे ओवीला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ह्याच माणसाने सात वर्षं तिला हात धरून उठवलं होतं, तिच्या चौकटीला रंग दिला होता, तिची कलमं बाजारात नेऊन विकली होती. तिला त्यांचा संताप आला आणि त्यांची दयाही आली. दोन्हींचं काय करायचं ते तिला कळेना.

"तुम्ही मला वाचवलंत, अण्णा," ती म्हणाली. "पण मला विचारलं नाहीत. हिला विचारल्याशिवाय मी काही गाळणार नाही, आणि विचारायचं तर आधी सांगावं लागतं. त्याच्या चपला होत्या तिथे ठेवा."

अण्णांनी पोत्यातून एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवली. चपला ठेवताना त्यांनी त्या पंच्याने पुसल्या. मग सगळे बाहेर गेले.

चार वाजता मिहिकाने डोळे उघडले. ओवीने तिचा हात धरला आणि आधी जिवंत शर्विल सांगितला. तो तुला बघायला आला तेव्हा पायात दोन वेगवेगळे मोजे होते. तो झोपेत हिशेब नाही, गाणी बडबडतो. कांदा चिरताना तोच आधी रडतो. मिहिका हसली आणि तो कुठे आहे म्हणाली. तेव्हा ओवीने राहिलेलं सांगितलं, पत्रा, नळी, चोविसावा दिवस, काहीही न गाळता.

मिहिकाचं रडणं चौकापर्यंत ऐकू गेलं. चौकात फावडी थांबली. बऱ्याच वेळाने ओवीने तिला चमचाभर दही भरवलं.

"त्याने लावलेलं आहे," ती म्हणाली. "आज बाराही घरांत त्याचंच विरजण लागलंय."

संध्याकाळी मिहिका अण्णांच्या आणि ओवीच्या आधाराने शाळेपर्यंत चालत गेली. अग्नी तिनेच दिला. रात्री स्वराकाकू तिच्या उशाशी बसून राहिली.

रविवारी सकाळी ऊन पडलं आणि पन्हाळीतून बर्फाचं पाणी ठिबकायला लागलं. विरजणकाळ अजून चालू होता. ओवी वही घेऊन बसली आणि वाचत वाचत दुमडलेल्या पानापाशी आली. मिहिकाचे डोळे सुजलेले होते. वर अण्णांचं नाव पाहून ती म्हणाली की हे पान तुमचं नाही, त्यांना बोलवायला हवं.

"मी वाचते," ओवी म्हणाली. "नाही वाचलं तर तुझ्यातूनही ती जाईल."

आणि तिने वाचलं. ओवीताईंना एक मुलगी होती, मनवा, इथून शेंगदाण्यांपर्यंत, स्वच्छ आवाजात, मिहिकाचा हात हातात धरून, दुसऱ्याच कुठल्या बाईची गोष्ट वाचावी तसं. अर्ध्यावर मिहिका पुन्हा रडायला लागली. हे रडणं शर्विलचं नव्हतं. तिच्यात धागे जुळत होते, मनवा पुन्हा तिची होत होती, आणि मनवाची आई कोरड्या डोळ्यांनी तिची पाठ थोपटत होती. ओवीला तिचा हेवा वाटला.

"पुढच्या पौषात मला तू उठव," ओवी म्हणाली. "आणि हे सगळं मला सांग. मला रडू फुटेपर्यंत सांग."

"ताई, मला एवढंच माहीत आहे," मिहिका म्हणाली. "बाकीचं सगळं तुम्हालाच माहीत होतं."

 ओवीने वहीतलं कोरं पान काढलं, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "शेंगदाणे ती आधी खायची, की शेवटी?"