ऐरावत उतरवणार कुठे

नाक

विमानाचं मॉडेल नाकापासून करत नाहीत. आधी पोट, मग पंख, नाक सगळ्यात शेवटी. पण नंदकिशोरकाका म्हणाले, "नाकापासून कर. म्हणजे ते कुठे बघतंय ते मला हाताने कळेल." त्यांना आता दिसत नाही. डाव्या डोळ्याच्या कडेला थोडा उजेड, तेवढाच.

मी प्रांजल. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. बिल्डरांचे टॉवर, जहाजं, कधी एखादा पूल, सगळ्यांची मॉडेलं करतो. या वेळचं काम मुलुंडच्या एका प्रदर्शनासाठी होतं. विषय, कागदावरच राहिलेली प्रचंड प्रवासी विमानं. जगभरात लोकांनी काय काय काढून ठेवलंय. कुणी तीन मजले चढवलेत, कुणी नुसताच पंख काढलाय आणि त्याच्या आत माणसं बसवलीत. यातलं एकही कधी जमिनीवरून हललं नाही.

त्यात एक आपलं होतं. ऐरावत. दोन मजले, सहा इंजिनं, नऊशे प्रवासी. चाळीस वर्षांपूर्वी काकांनी काढलेलं.

मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ते ठेवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "ऐरावत स्वर्गात शोभतो हो. इथे उतरवणार कुठे?" सगळे हसले होते. ते उडेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. एवढं वजन कुठली धावपट्टी सोसणार, हा प्रश्न होता. काकांकडे उत्तर होतं. पोटाखाली अशी चाकं पसरायची की वजन वाटलं जाईल, हत्ती पाऊल टेकवतो तसं. ते ऐकायला कुणी थांबलं नाही. चहा आला आणि विषय संपला.

काकांची मुलगी मृणालिनी हे प्रदर्शन भरवत होती. ती मला म्हणाली, "बाबांना सत्कारबित्कार नकोय गं. त्यांना ते उतरलेलं हवंय. बस."

"म्हणजे काय?"

"मलाही कळत नाही."


पंख

मापं विचारायला मी त्यांच्या घाटकोपरच्या घरी जायचे. आम्ही गच्चीवर बसायचो. उतरणारी विमानं तिथून जातात, इतकी खालून की पोटावरचे तेलाचे ओघळ दिसतात. तिथल्या लोकांना एक सवय लागली आहे. विमान आलं की आवाज चढवायचा नाही. वाक्य असेल तिथे धरून ठेवायचं, विमान गेलं की तिथूनच पुढे सोडायचं.

"पंखाचं टोक वर वळवू नकोस," काका म्हणायचे, "आमच्या वेळी आम्ही ते



सरळच ठेवत होतो."

ऐकणारासुद्धा मधली जागा कापून टाकतो. मलाही महिन्याभरात जमायला लागलं.


चाकं

मॉडेल पूर्ण झालं तेव्हा गाळ्यात चालायला जागा उरली नव्हती. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. रंगकाम आमच्याकडे धाकूकाका करतात, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. अंधेरीत जन्म गेला, पण बोलणं अजून मालवणचं. सकाळी मी आले तर ते प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवत होते. नाकावर झेंडूचा हार, त्याखाली कुंकवाचं स्वस्तिक.

"धाकूकाका, हे काय?"

"नवी गाडी भायर काढतंस आनि लिंबू नाय?"

"मॉडेल आहे ते."

"म्हणान काय झाला? चाका आसत मा? चाका आसत थंय लिंबू व्हया."

आमच्यात स्कूटर घेतली तरी हे होतंच. मी हसले, फोटो काढला. त्यांनी नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि हात जोडून म्हणाले, "जा रे बाबा. आनि सुखरूप उतर."

पूजा झाल्यावर गाडी थोडी पुढे घेतात, म्हणजे लिंबं चिरडतात. आम्ही ते केलं नाही. करता आलंच नसतं, कारण चाकं मी स्वतः चिकटवली होती, फिरणारी नव्हती. आम्ही खाली चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा लिंबं सपाट झाली होती.

नुसती फुटली नव्हती, सपाट झाली होती. कागदासारखी, रस वाळून फरशीला चिकटलेली. सगळं मॉडेल आम्ही दोघं मिळून उचलू शकतो. मी वाकून चाकं हाताने ढकलून पाहिली. हलली नाहीत. डिंक पक्का होता.

"गेला ता," धाकूकाका म्हणाले.

"काय गेलं? समोर तर आहे."

ते पंच्याला हात पुसत दारात जाऊन उभे राहिले आणि वर बघत राहिले.


पोट

काम झाल्याचं सांगायला मी त्याच दुपारी घाटकोपरला गेले. काका गच्चीवर खुर्चीत बसले होते, शेजारी मृणालिनी. हवा स्वच्छ होती. वर काही नव्हतं.

काही म्हणजे काहीच नव्हतं. मी आल्यापासून एकही विमान गेलं नव्हतं.

"बंद पडलंय की काय एअरपोर्ट?" मी म्हटलं.

मृणालिनीने मोबाईल पुढे केला. विमानं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप होतं. पिवळी पिवळी विमानं वर्सोव्यापलीकडे समुद्रावर गोल गोल फिरत होती, सगळी. खाडीपासून धावपट्टीपर्यंतचा पट्टा रिकामा होता. वरातीसाठी रस्ता मोकळा करतात तसा.

"हे कधीपासून?"

"सकाळपासून. तू पूजेचा फोटो पाठवलास ना, तेव्हा बघितलं मी."

पाण्याच्या टाकीचं झाकण थरथरायला लागलं.

मग खाडीकडून सावली आली. आधी लांबच्या इमारती करड्या झाल्या, मग जवळच्या. सावलीला कड होती. सरळ पंख. टोक वर वळलेलं नव्हतं. मी वर पाहिलं. निळं आकाश होतं, त्यात ऊन होतं, आणि आम्ही सावलीत होतो.

आवाज कानात आला नाही, छातीत आला.

"तिसरं इंजिन जरा जड चालतंय," काका म्हणाले. "ते तसंच चालणार होतं." ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "प्रांजल, चाकं







खाली आहेत."

मधल्या वेळात आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं वाक्यं धरून उभी होती. कपडे वाळत घालणारी बाई हात वर करून तशीच थांबली होती.

सावली अंधेरीकडे सरकली.

ऊन आलं.

आम्ही वाट पाहिली.

मग जमीन एकदाच दबली. हत्तीने पाऊल टेकवावं, इतकीच. त्यानंतर एक लांब गर्जना, कमी कमी होत थांबली.

"सोसलं," काका म्हणाले. दोन्ही हात त्यांनी डोक्यावर नेले. "मृणा, सोसलं बघ धावपट्टीने."

समोरच्या गच्चीवर कुणीतरी टाळी वाजवली. मग पलीकडच्या. मग सगळीकडे टाळ्या सुरू झाल्या. कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मीही वाजवत होते, तळहात लाल होईपर्यंत. मृणालिनी रडत होती आणि हसत होती, आणि काका अध्यक्षांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "इथे. इथे उतरवणार."


शेपूट

रिक्षा यायला लागल्या तेव्हा उन्हं कलली होती. वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, लोक आलेत, साहेबांना विचारतायत. आम्ही काकांना धरून खाली आणलं.

फाटकापासून असल्फ्याच्या चढापर्यंत रिक्षांची रांग लागली होती. प्रत्येकीत मागे सुटकेसा, जुन्या पद्धतीच्या, दोरी बांधलेल्या. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

पहिल्या रिक्षातून एक बाई उतरल्या. सत्तरीच्या असाव्यात. उतरल्यावर त्यांनी क्षणभर भिंत धरली.

"ज्यांनी काढलं ते तुम्हीच ना?" त्यांनी काकांना विचारलं. "आभार मानायला आलो."

काकांनी हात जोडले. त्यांचा चेहरा उजळला होता. "प्रवास कसा झाला?"

"छान झाला हो. जेवण चांगलं, खिडक्या मोठ्या. कशालाच कमी पडलं नाही." त्या जरा थांबल्या. "फक्त उतरू देत नव्हते. लग्न झालं आणि निघालो होतो आम्ही."

रिक्षात अजून एक माणूस होता. चाळिशीला आलेला, कानशिलं पांढरी. त्याने एक पाय बाहेर काढला होता, पण टेकवला नव्हता.

"हा वरच झाला," बाई म्हणाल्या.

काकांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "टेकव रे. काही होत नाही."

त्याने हात धरला. एक पाय टेकवला, मग दुसरा. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, मान किंचित तिरकी करून, पायाखालून घरघर यायची वाट बघत.

मग त्याने आईला हळूच विचारलं, "आई, हे बंद पडलंय का?"