चौथा द्रोण

कोजागिरी होऊन आठ दिवस झाले होते आणि मोतीबाई पहाटेची द्रोण बघायला निघाली होती. काम तसं साधंच. पळसदरीच्या धरणामागं, डोंगराच्या कुशीत ठाकरांची पाच घरांची वाडी आहे. भातकापणीच्या आदल्या सांजेला तिथं खळ्यावर पळसाच्या पानांचे पाच द्रोण मांडतात, घराला एक. ओहोळाचं पाणी भरून ठेवायचं आणि दिवस उगवायच्या आत एका बाईनं एकटीनं जाऊन बघायचं. पाणी उतरलेलं असलं तर त्या घरानं खुशाल विळा उचलावा. दवानं काठोकाठ आलेलं असलं तर दोन दिवस थांबावं. बघणारी बाई दर वर्षी वेगळी असते. यंदा पाळी मोतीबाईची होती.

आता म्हणाल, मोबाइलच्या काळात द्रोण कशाला? तर मोबाइलही होताच. खालच्या बंगल्यांवर वॉचमन असलेला विलास आदल्याच सांजेला हवामानाचा मेसेज वाचून दाखवत होता. अरबी समुद्रात वादळ उठलंय, उद्या दुपारनंतर किनाऱ्याला आणि आतल्या तालुक्यांना जोराचा वारा, विजा, पाऊस. एवढं वाचून तो थांबला आणि हसायला लागला.

"आन ह्ये ऐका. काही ठिकानी दव गोठून पिकांचं नुकसान होन्याची शक्यता."

"दव गोठून? हितं?" मंगळी म्हणाली. "ऊन लागलंय रं त्या मेसेजवाल्याला. आमी घामानं निथळतोय आन ह्यो सोयटर घाला म्हन्तोय. ये म्हनावं कापनीला, दाखवते त्याला थंडी."

मंगळी म्हणजे मोतीबाईची धाकटी जाऊ. नवरा जाऊन तिला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मोतीबाईच्या भिंतीला भिंत लावून एकटीच राहायची, पण तिच्या जिभेमुळं त्या घरात दहा माणसं असल्यासारखं वाटायचं. सगळे पोट धरून हसले. मोतीबाईचा नवरा पोशा कधी हसायचा नाही, तोही मिशीत हसला.

तर पहाटे मोतीबाई खळ्यावर आली तेव्हा पान हलत नव्हतं. मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. दूर घाटात मालगाडी चढत होती, तिचा दम लागल्यासारखा आवाज येत होता. मोतीबाईनं बॅटरी पेटवली आणि एकेक द्रोण बघत गेली. पहिला उतरलेला. दुसरा उतरलेला. तिसरा, तोही.

चौथ्या द्रोणात पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण हलत नव्हतं. वर दुधाच्या सायीसारखं पांढरं काहीतरी धरलं होतं. तिनं बोट लावलं आणि बोट चिकटलं. ओढून काढलं तेव्हा कातडीचा पापुद्रा तिथंच राहिला.

बर्फ मोतीबाईनं जन्मात एकाच ठिकाणी पाहिला होता, दहिवलीला शब्बीरभाईच्या मासळीच्या पेटीत. तिथला बर्फ वितळायचा, पाणी गळायचं. हा वितळत नव्हता. एवढ्या उकाड्यात त्या पळसाच्या पानालाही पांढरी कड आली होती.

चौथा द्रोण तिच्याच घराचा होता.

तिला सासूचे शब्द आठवले. "गोठलेलं म्या बघितलं नाय, माझ्या सासूनं बघितलं व्हतं. पानी गोठलं त्या घरानं त्या दिवशी शेताची वाट धरू नये. वाऱ्याला त्या घरचं मानूस दिसल्यालं असतं."

मोतीबाई तिथंच उकिडवी बसली. पिवळंधमक भात शेतात उभं होतं आणि वादळ दुपारी येणार होतं. वाडीला हा द्रोण दिसला तर कोणी तिला न् पोशाला बांधाखाली पाऊल ठेवू देणार नाही, दुसऱ्यांचेही हात त्या शेताला लागणार नाहीत. सगळं भात झोपणार, चिखलात कुजणार. दोघांचं वर्षाचं खाणं ते. पाचवा द्रोण मंगळीचा, तोही उतरलेला. मंगळीचं काय, एक टीचभर खाचर, पोट एक. ती घरात बसली तर बसली. घरात बसणाऱ्याला कसलं आलंय भय? तिला आपल्या कणगीतलं देऊ की, चांगलं दोन पोती देऊ.

असं सगळं मनाशी घोळवेपर्यंत तिचे हात कामाला लागलेसुद्धा. तिनं चौथा उचलून पाचव्याच्या जागी ठेवला आणि पाचवा चौथ्याच्या. पदराला हात पुसले. बोटाची आग काही जाईना.

उजाडल्यावर वाडी जमली. गोठलेला द्रोण बघून सगळे दोन पावलं मागं सरले. विलासनं मोबाइल काढला होता, तो त्यानं परत खिशात घातला. मंगळी तेवढी पुढं आली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं गं बाय! एक दिस तरी कंबर टेकंल. माज्या भातावर पाऊस पडला तर तुज्या कनगीतलं देशील ना मोतीबाय?"

"देईन गं," मोतीबाई म्हणाली. मंगळीच्या तोंडाकडं तिला बघवलं नाही.

दुपारपर्यंत पोशानं आणि तिनं पाठ सरळ केली नाही. ती कापत होती, तो भारे बांधून डोक्यावरनं खळ्यावर नेत होता. अर्धं शेत राहिलं होतं तेव्हा बांधावरून हाक आली.

"काय गं, म्हातारी झालीस का? असं कापलंस तर दिवाळी हितंच हुयाची!"

मंगळी. पदर खोचलेला, हातात विळा.

मोतीबाई विळा घेऊनच उठली. "तू... तू का आलीस? घरी जा. द्रोण बघितलास ना सकाळी?"

"बघितला की. आता तुजं भात भिजलं तर मला कनगीतलं कुठनं देशील?" मंगळी हसत खाचरात उतरली. "पोशा दमलाय. त्याला भारे नेऊ दे, मी कापते."

"मंगळे, जा म्हन्ते ना!"

"वरडू नकोस गं. वादळ काय मला एकटीलाच गाठनार हाय?"

पोशानं भारा उचलला आणि पायवाटेनं वर निघाला. मोतीबाई तोंड उघडून उभी राहिली. खरं सांगावं असं वाटलं, पण ती वाकून पुन्हा कापायला लागली.

मग पश्चिमेकडून आभाळ आलं. आलं म्हणजे कोणी घोंगडी ओढावी तसं, बघता बघता. तीन वाजता दिवेलागणीएवढा काळोख झाला. वारा नव्हता, नुसता वास आला. खारट, सुक्या बोंबलांचा, ओल्या जाळ्यांचा. समुद्र तिथनं किती कोस लांब, पण समुद्र बांधापलीकडं येऊन थांबलाय असं वाटावं इतका दाट वास. बगळे उडाले. बेडूक गप झाले.

"कसला गं वास..." मंगळी म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ निघाली.

दोघींनी ती वाफ बघितली.

खाचराच्या खालच्या टोकाला कापलेल्या भाताचे खुंट पांढरे होऊ लागले. सगळे नाही. माणसाच्या पावलाएवढा रुंद पट्टा, तोही सलग नव्हता. एक इथं, एक पुढं, पुन्हा एक. कोणी घाई न करता चालत यावं तसं. जिथं पांढरं पडे तिथं खुंट कडकन मोडे. कड... कड... आवाज जवळ येत होता आणि सरळ मंगळीकडं येत होता.

"मोतीबाय... माजे पाय उचलत नायत."

मोतीबाईनं बघितलं. मंगळीच्या पायाच्या नखांवर पांढरी बुरशी चढावी तसं काहीतरी चढत होतं. मंगळीची जीभ, जी कधी थांबत नव्हती, ती आता दातांमागं थडथडत होती. तिनं मोतीबाईकडं हात पसरला. तो हात लहान पोरीचा वाटला.

"तो द्रोण माजा हाय!" मोतीबाई ओरडली. कोणाकडं बघून ओरडावं तेही तिला कळत नव्हतं. "तिचा नाय! चौथा व्हता, माजा व्हता! म्या हलिवला! सोड तिला... माज्या घरचं मानूस घे!"

कडकड थांबली.

मंगळी मटकन खाली बसली. तिच्या पायांवरचं पांढरं उतरलं, ओलं झालं. ती मोतीबाईकडं नुसती बघत राहिली, आणि ते बघणं मोतीबाईला थंडीपेक्षा जास्त लागलं. पण तिनं डोळे मिटून घेतले, हात जोडले आणि उभी राहिली. आता यायचंय ते आपल्याकडं येईल. गार काहीतरी तिच्या अगदी गालाजवळ आलं. हुंगल्यासारखं झालं.

आणि ते पुढं गेलं.

तिनं डोळे उघडले तेव्हा बांधावरचं गवत एकेक पाऊल पांढरं होत चाललं होतं. पायवाटेनं. वर, ज्या वाटेनं पोशा गेला होता.

"नाय... त्यो नाय..." ती धावली. मंगळी मागोमाग, लंगडत. त्याच वेळी पाऊस कोसळला, सुपानं ओतावा तसा, आणि वाऱ्यानं झाडं वाकवली. अर्ध्या वाटेवर भाताचा भारा सापडला. पडला नव्हता. कोणी डोक्यावरून हळूच उतरवून ठेवावा तसा वाटेच्या मधोमध उभा होता. पोशा नव्हता.

दोघी ओरडत वाडीत आल्या. आणि बघतात तो पोशा अंगणात, दाराच्या समोर उभा. भिजून चिंब, पण दोन पायांवर धड. मोतीबाई रडत पुढं झाली, त्याचे हात, तोंड चाचपून बघितलं. ऊब होती अंगाला. श्वास चालत होता. मंगळीनंही देवाचं नाव घेतलं.

मोतीबाई घरात शिरली, चूल फुंकली, कोरडं धोतर काढलं. मागं वळून बघते तो पोशा उंबऱ्याबाहेरच. पाऊस त्याच्या डोळ्यांत जात होता, तरी तो पापणी हलवत नव्हता.

"अरं, भिजतोस कशाला? घर तुजंच ना? आत ये की."

तो हलला नाही. त्यानं मान जराशी कलती केली, मागं कोणाचं तरी ऐकून घ्यावं तशी. मंगळीनं त्याच्या मागं बघितलं. अंगण मोकळं होतं. नुसता पाऊस पडत होता. पण मंगळी पाठीमागची भिंत चाचपत चाचपत आपल्या दाराकडं सरकायला लागली.

पोशानं पुन्हा मोतीबाईकडं बघितलं आणि हळूच, अगदी पाहुण्यासारखं अदबीनं विचारलं,

"नुसतं मलाच बोलावतीस, का आमा समद्यांना?"