कोल्ड फोर्कच्या फळीवरचा बिल्ला

बसा रे. बंद खाणीत तांब्याच्या तारेसाठी जाणार आहात ना दोघं? जा. मी अडवणारा कोण? पण हे ऐकून जा.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री, बुधवारी, एल्वूड माझ्याकडं केबल कापायची कात्री मागायला आला. कोल्ड फोर्कच्या खाणीत आम्ही दोघांनी जन्म काढला.

"कशाला हवी?"

"कुंपण दुरुस्त करायचंय."

"तुला कुंपण आहे कुठं?"

"म्हणूनच लवकर आटपेल."

खरं काय ते मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं, नेवाचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, आणि बिल थकलं म्हणून शुक्रवारी वीज तोडणार होते. खाणीच्या कंपनीनं दिवाळं काढून आमचा औषधपाण्याचा विमा बुडवला, त्याला कोर्टात व्यवहार म्हणतात. त्याच कंपनीनं टाकून दिलेली तार आम्ही काढली की आम्ही चोर. म्हणू देत. मी कात्रीला तेल घालून दिलं.

मध्यरात्र उलटल्यावर एल्वूड खाणीत शिरला. तोंडाशीच फळी आहे. आत जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आलं की काढायचा. राहिला, तर माणूस आतच आहे. हाताला सवय जन्माची. चोरीला निघालेल्या या शहाण्यानं पट्ट्याचा बिल्ला काढला आणि दिला लावून फळीवर. नंबरासकट.

हसा. तुमच्या बापांनीही तेच केलं असतं.

तार कापली, खांद्यावर घेतली, वळला. तर पुढं अंधारात कुणीतरी पहारीनं छत ठोकत होतं. आपण ठोकतो तसंच. खणखणीत वाजलं तर चल, बद्द वाजलं तर थांब.

खण्ण...

दिवा फिरवला. कुणी नाही.

"कोण आहे?"

खण्ण...

तो चालत राहिला. दुसरं काय करणार?

मग... बद्द.

एल्वूड थांबला.

समोरचं छत खाली आलं. धूळ. काही दिसेना. मग डावीकडच्या जुन्या वाटेवर...

खण्ण...

तो आवाजामागं गेला. बाहेर पडला. मागं न बघता थेट माझ्या घरी आला, आणि पट्टा चाचपला. बिल्ला फळीवरच होता. छत कोसळल्याच्या आवाजानं खाणीचा रखवालदार जागा झाला असणार.

"मी तुरुंगात गेलो तर नेवाकडं कोण बघणार?"

मी कॉफी ठेवली.

उजाडताना, बुटांचा माग काढत, शेरिफचा पोलीस माझ्या दारात. डारेल. त्याचा बाप वीस वर्षांपूर्वी त्याच खाणीत कोसळलेल्या छताखाली गाडला गेला होता. डारेल आत आला, टोपी काढली, एल्वूडच्या धुळीनं माखलेल्या बुटांकडं बघितलं.

"रखवालदाराला फळीवर चोराचा बिल्ला दिसला. हात न लावता त्यानं मला बोलावलं."

एल्वूड उभा राहिला. "चल. मी येतो."

"बस खाली. नंबर तुझा नाही. माझ्या बापाचा आहे. फळीवर दुसरा बिल्लाच नाही."

डारेलनं खिशात हात घातला.

"कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, त्या नंबरच्या माणसाला धरा. मी म्हटलं, आनंदानं. आधी त्याला बाहेर काढा. वीस वर्षं झाली, खर्च परवडत नाही म्हणून तुम्ही त्याला आतच ठेवलंय."

मग त्यानं बिल्ला टेबलावर ठेवला.

"बाबांचं प्रेत मिळालं नाही, म्हणून मी रिकाम्या शवपेटीत हाच बिल्ला ठेवून पुरला होता. आत्ता थडगं बघून आलो. वरचं गवत जसंच्या तसं आहे."

बिल्ल्याला कबरस्तानातली पिवळी माती लागली होती. ओली.