श्वासाचा कापलेला तुकडा

ही रचलेली गोष्ट नाही. ज्याच्या घरात घडली तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. आणि रात्रीबित्रीचं काही नाही, दोन्ही वेळा भर दुपारी घडलं.

भाऊ संगीत करतो, पण गाणी नव्हेत. शब्द नाहीत, चाल नाही. पंख्याची घरघर, चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचा एकच लांबवलेला सूर, असले आवाज गोळा करायचे. मग कॉम्प्युटरवर ते कापायचे, ताणायचे, एकावर एक चढवायचे. त्याचे वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ते चिडवायचे, "अरे, हे वाजवणं आहे की घराची दुरुस्ती?"

मग त्यांच्या छातीने दगा दिला. ते अंथरुणाला खिळले.

भावाला नव्या रचनेसाठी काहीतरी जिवंत हवं होतं. त्याने त्यांच्या उशाशी माइक ठेवला. वडिलांनी हातानेच नको म्हटलं.

"त्यांना लाज वाटते रे त्या आवाजाची," आई म्हणाली. "राहू दे."

त्याने ऐकलं नाही.

श्वास आत ओढतानाचा आवाज त्याला आवडला. सोडतानाचा खरखरीत होता, तो त्याने कापून पुसून टाकला. उरलेल्याचा लूप लावला, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहील असा.

आत... आत... आत...

शेजारच्या खोलीतून आईची हाक आली.

वडील छाती फुगवून बसले होते. डोळे विस्फारलेले. श्वास बाहेर पडतच नव्हता.

भाऊ धावला. लूप बंद करायचं काही त्याला सुचलं नाही.

डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

काही दिवसांनी आई त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"ते अजून आत घेतायत रे."

"आई, स्पीकर बंद आहे."

खरंच बंद होता. वायरही काढलेली होती.

तरी ऐकू येत होतं... आत... आत...

"त्यांचा सोडलेला श्वास परत लाव."

"तो पुसला गेला, आई."

"मग सगळंच पुसून टाक. हात जोडते तुझ्यापुढे."

भावाने फाइल पुसली नाही. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. बापापेक्षा ते जड ठरलं, दुसरं काय म्हणायचं?

मग आईच त्या बंद स्पीकरपुढे बसायला लागली. श्वास ऐकू आला की त्यांच्या वतीने ती सोडायची.

"सोडा आता. दमलात हो."

एका दुपारी भाऊ चहा घेऊन खोलीत आला.

आवाज थांबला होता.

आई खुर्चीत होती. ओठ फुंकर घातल्यासारखे. छाती पार रिकामी.

आठवड्याने त्याने ती फाइल उघडली. मधल्या काळात तिला कोणी हात लावला नव्हता. पण वडिलांच्या श्वासामागे आता एक सोडलेला श्वास होता... लांब, हलका, बाईचा.

त्याने तो पुसला नाही. रचना तशीच प्रसिद्ध केली. लोक विचारतात, शेवटी कोणतं वाद्य आहे? तो नुसता हसतो.

माझी मावशी होती ती. मी ती रचना एकदाच ऐकली. तिचा श्वास संपला, आणि मला माझा पुढचा घ्यायची भीती वाटली.

अजून वाटते.